दुधाच्या दाताची साक्ष

हेमलता कोठुळे निवृत्त व्हायला चार महिने उरले होते, तेव्हाची ही गोष्ट. बत्तीस वर्षं आरोग्यसेविका म्हणून काढलेली बाई. त्यातली शेवटची चौदा वर्षं नाशिकच्या उत्तरेला, द्राक्षपट्ट्यातल्या चिंचवळण प्राथमिक आरोग्य केंद्रात गेली. केंद्राच्या एका बाजूला द्राक्षबागायतदारांचे बंगले आणि वाइनचे कारखाने, दुसऱ्या बाजूला डोंगराच्या कुशीतले कोकणा आदिवासींचे पाडे. दोन्हीकडच्या बायका तिला 'कोठुळे सिस्टर' म्हणत. तिच्या हातची सुई दुखत नाही असा तिचा लौकिक होता आणि तिला त्याचा अभिमानही होता.

त्या वर्षी फेब्रुवारीत केंद्रात एक नवं यंत्र आलं. आकाराने शिलाई मशीनएवढं, रंगाने पांढरं. सरकारी कागदावर त्याचं नाव दीड ओळीचं होतं. दात वाचतं म्हणून गावात त्याला सगळे 'दातवाचं' म्हणू लागले. पहिली-दुसरीतलं जे मूल अभ्यासात मागे पडतंय, फार चिडतंय, सांगितलेलं विसरतंय, त्याचा पडलेला दुधाचा दात आईबापांनी आणून द्यायचा. दात त्या यंत्रात गेला की वीस मिनिटांत निकाल. त्यावरून मुलाला शाळेत मदतनीस शिक्षिका मिळायची, आईबापांना शिकवणी मिळायची. योजना चांगली होती. हेमलतानेच घरोघरी जाऊन ती समजावून सांगितली होती.

केतकी थेटे मे महिन्यात आली. मुलीचा दात तिने कानातल्यांच्या डबीत, कापसावर ठेवून आणला होता. बरोबर नवरा तन्मय आणि सात वर्षांची रेवा. रेवा दिसायला इतकी गोड, की केंद्रातल्या सफाईवाल्या मावशींनीही हातातलं काम थांबवून तिचा गालगुच्चा घेतला. दहा मिनिटांत तिने वजनकाट्यावर उड्या मारल्या, औषधांच्या खिडकीची काच वाजवली आणि बापाने हात धरला तशी जमिनीवर लोळून असा आकांत केला, की रांगेतल्या बायका वळून पाहू लागल्या.

"हे असंच असतं," केतकी हळूच म्हणाली. "दोनचा पाढा काल येतो, आज येत नाही. शाळेतल्या बाई म्हणतात, लाडावलीय."

डॉ. सानिया मुजावर केंद्राच्या वैद्यकीय अधिकारी होत्या. वय एकतीस, बोलणं मोजकं. त्यांनी दात यंत्रात ठेवला. हेमलता शेजारी उभी होती. पडद्यावर आडवी रेघ उमटू लागली आणि त्या रेघेवर एकामागून एक सुळके उभे राहिले.

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली आणि दोघांना समजेल असं सांगितलं.

"बाळाचा दात पोटात असतानाच तयार होऊ लागतो. साधारण चौथ्या महिन्यापासून. झाडाच्या खोडात वर्षाला एक कडं पडतं ना, तशी दातात रोज एक बारीक रेष पडते. त्या दिवशी आईच्या रक्तातून बाळाकडे जे गेलं, त्याचा अंश त्या रेषेत अडकून राहतो. जन्माच्या दिवशीची रेष ठळक असते, तिथून मागे मोजत गेलं की कुठला आठवडा ते कळतं. दारू रक्तातून काही तासांत जाते, पण शरीरात तिचे जे तुकडे होतात त्यांची खूण दातात राहते. हे यंत्र लेझरने एकेक रेष उडवतं आणि ती खूण शोधतं."

"दारू?" तन्मय म्हणाला.

"चौदाव्या आठवड्यापासून सत्ताविसाव्यापर्यंत. सात दिवसांत दोन-तीन दिवस, बहुधा शनिवार-रविवार. पुढे काही नाही. त्याच्या आधीचं दात सांगू शकत नाही, तेव्हा तो नसतोच." डॉक्टर केतकीकडे वळल्या. त्यांचा आवाज मऊ होता. "आईने घेतलेली दारू नाळेतून थेट बाळाकडे जाते. बाळाचं यकृत कच्चं असतं, त्याला ती पचवता येत नाही. मेंदू तर नऊही महिने घडत असतो. काही मुलांच्या चेहऱ्यावर खुणा दिसतात, वरचा ओठ पातळ, नाकाखालची खाच सपाट. पण बहुतेकांच्या दिसत नाहीत. म्हणून कुणाला शंका येत नाही. रेवा हट्टी नाहीये, लाडावलेलीही नाहीये. तिच्या मेंदूला आठवून ठेवणं आणि स्वतःला आवरणं जड जातं. हे पूर्ण बरं होत नाही. पण नीट मदत मिळाली तर तिचं पुढचं आयुष्य पुष्कळ सोपं होईल."

केतकीचा चेहरा पांढराफटक पडला होता. लग्नाआधीपासून ती इथल्याच एका वाइन कारखान्यात पाहुण्यांना चव दाखवण्याचं काम करत होती. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची मंडळी यायची. त्यांच्याबरोबर पेला उचलायचा, घोट घ्यायचा, द्राक्षाची जात सांगायची.

"थुंकून टाकायचं असतं तसं," ती म्हणाली. "पण पाहुणे आग्रह करायचे. आणि तिथे सगळे म्हणायचे, वाइन म्हणजे काय दारू नाही, फळाचा रसच आहे. मला कुणी सांगितलं नाही, मॅडम. खरंच कुणी सांगितलं नाही."

तन्मयने फोन काढला. गरोदरपणापासूनची सगळी नोंद आता घरच्यांच्या फोनवर असायची, नवऱ्याच्याही. त्याने सात वर्षं मागचं पान उघडलं आणि मोठ्याने वाचलं.

"मद्यपान, नाही. समुपदेशन, दिले. एक नाही, चार वेळा. खाली सही आहे, ह. कोठुळे." त्याने बायकोकडे पाहिलं. "चार वेळा विचारलं तुला. चार वेळा खोटं बोललीस."

केतकीने हेमलताकडे पाहिलं. त्या नजरेत आरोप नव्हता. तिला खरंच आठवत नव्हतं, आणि ती आठवायचा प्रयत्न करत होती.

हेमलता पुढे झाली. तिने रेवाला उचललं आणि पाणी पाजायला बाहेर नेलं.

तिला मात्र सगळं आठवत होतं. मंगळवार गरोदर बायकांच्या तपासणीचा. एका सकाळी चाळीस-चाळीस बायका. टॅबलेटवर रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडायचं नाही, म्हणून ती रक्तदाबाचा पट्टा सोडता सोडता अंगठ्याने भराभर खुणा करायची. थेट्यांची सून नेहमी सासूबरोबर यायची. निर्मलावहिनी शेजारच्या खुर्चीत बसून सगळं ऐकायच्या आणि निघताना सगळ्या स्टाफला बागेतली द्राक्षं द्यायच्या. अशा घरच्या सुनेला, सासूच्या देखत, दारू पितेस का विचारायचं? जिभेवर आलं नसतं. हेमलताने चारही वेळा 'नाही'वर अंगठा टेकवला होता.

प्रशिक्षण झालं नव्हतं असंही नाही. नाशिकला एक दिवसाचं झालं होतं. प्रत्येक बाईला विचारायचं, एकटीला विचारायचं, सगळ्यांना त्याच शब्दांत विचारायचं, आणि उत्तर काहीही आलं तरी चेहरा बदलू द्यायचा नाही. दिवस गेल्याचं कळायच्या आधी महिन्यातून किती वेळा घेणं व्हायचं, इथून सुरुवात करायची, म्हणजे बाईला लपवावंसं वाटत नाही. 'हो' म्हणाली तर तिथेच दोन मिनिटं बसून सांगायचं, की आज थांबलीस तरी आजपासून बाळाचा फायदाच आहे. हेमलता जेवणानंतरच्या सत्रात शेवटच्या रांगेत पेंगत होती. तरी एवढं तिच्या कानावर पडलं होतं.

चौदाव्या आठवड्यात विचारलं असतं तर? पडद्यावरचे सुळके तिच्या डोळ्यांपुढून हलेनात. पहिली तपासणी चौदाव्या आठवड्यातलीच होती. त्यानंतर तेरा आठवडे सुळके चालू होते. पाय सुजले म्हणून केतकीने रजा घेतली, तेव्हा ते थांबले. ते केंद्रामुळे थांबले नव्हते.

पंधरा दिवसांनी नोटीस आली. जन्माआधी बाळाला झालेल्या हानीबद्दल दोन वर्षांपूर्वी नवा कायदा झाला होता आणि जिल्ह्यात बालहित मंडळ बसलं होतं. आईला धोका सांगितला गेला नसेल तर तिच्यावर ठपका नाही. पण सांगूनही तिने लपवलं असेल तर तो 'जाणीवपूर्वक' गुन्हा, आणि मूल बापाच्या घरी. थेट्यांनी अर्ज केला होता. निकाल लागेपर्यंत रेवा आजी-आजोबांकडे राहणार होती. केतकीला तिच्या भावाने पिंपळगावला नेलं होतं. साक्षीदार म्हणून एकच नाव होतं, हेमलता कोठुळे.

निर्मलावहिनी स्वतः केंद्रात आल्या. या वेळी हातात काही नव्हतं.

"सिस्टर, तुम्ही फक्त जे लिहिलंय तेवढंच सांगा," त्या म्हणाल्या. "माझ्या शेजारी बसून पोरगी खोटं बोलत होती, आणि मला पत्ता नाही. माझ्या नातीचं आयुष्य गेलं हो."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं.

"वहिनी, तुम्ही शेजारी होतात ना?" हेमलताने विचारलं. "मी विचारलेलं तुम्हाला आठवतं?"

निर्मलावहिनींनी पदराने डोळे टिपले. "सात वर्षं झाली. तुम्ही विचारलंच असेल. लिहिलंय ना."

त्या गेल्यावर हेमलताने टॅबलेट घेतला आणि चौदा वर्षांच्या नोंदींमधून 'मद्यपान, होय' अशा सगळ्या नोंदी वेगळ्या काढल्या. अकरा निघाल्या. अकराही पाड्यांवरच्या होत्या. गावातली, बंगल्यातली, एकही नव्हती. तिने पुन्हा शोधून पाहिलं. अकराच.

त्यात एक नाव सुमन गावितचं होतं. तिची नोंद आणि केतकीची नोंद एकाच मंगळवारची. सुमनचा मुलगा दुसरीत होता आणि नजर कमी असल्याने मागे पडत होता. त्याचाही दात महिन्यापूर्वी यंत्रात गेला होता. रेघ सरळ होती. एकही सुळका नव्हता.

दुसऱ्या दिवशी हेमलता स्कूटर घेऊन पाड्यावर गेली. सुमन दारात नागलीचे पापड वाळत घालत होती. तिने बसायला गोणपाट टाकलं, पाणी दिलं.

"सुमन, तू पोटुशी असताना मी तुझ्या नावापुढे 'दारू घेते' असं लिहिलं होतं. तू घेत होतीस?"

"मी कधीच नाही घेतली. आमचा बाप पिऊन मेला. मला वासानंसुद्धा मळमळतं."

"मग तू तेव्हा सांगितलं का नाहीस?"

सुमनने पापड उलटला. "तुम्ही विचारलं कुठं, सिस्टर? रांगेत सगळ्यांपुढं म्हणालात, 'तुम्ही लोक मोहाची सोडत नाही, पोरं अशी निघतात मग.' बाया हसल्या. मी तिथून जी आले, ती परत नाही गेले. पोरगा इथंच झाला, या घरात. तीन दिवस रक्त थांबत नव्हतं."

हेमलताने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "मला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"कसं माहीत असणार?" सुमन म्हणाली, आणि पुढचा पापड हातात घेतला.

परतल्यावर हेमलताने डॉ. मुजावरांना सगळं सांगितलं. डॉक्टर टेबलावरचा पेपरवेट फिरवत ऐकत होत्या.

"सिस्टर, तुम्ही हे मंडळापुढे बोललात तर निलंबन नक्की. चौदा वर्षांच्या नोंदी बाद होतील. चार महिने राहिलेत तुमचे."

"आणि नाही बोलले तर?"

"नाही बोललात तर कागद बोलेल." डॉक्टरांनी पेपरवेट थांबवला. "मी तुम्हाला काय सांगू? मी इथे येऊन दीड वर्ष झालं. मंगळवारी मीही पलीकडच्या खोलीत असते. तुम्ही कशा विचारता, ते मी एकदाही उठून पाहिलं नाही."

मंडळ जिल्हा परिषदेच्या जुन्या इमारतीत बसायचं. लांब टेबल, तीन सदस्य, भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं. केतकी भावाशेजारी बसली होती. महिन्याभरात तिची गालफडं वर आली होती. रेवा आजीच्या मांडीवर होती आणि आई समोर असूनही आईकडे जायला मिळत नाही म्हणून सारखी पाय झाडत होती.

थेट्यांच्या वकिलाने नोंद वाचली. "सिस्टर, या चारही सह्या तुमच्याच ना?"

"माझ्याच."

"म्हणजे चार वेळा विचारलंत आणि चार वेळा समजावलंत."

"नाही," हेमलता म्हणाली. "एकदाही विचारलं नाही. समजावलंही नाही. रकाना भरल्याशिवाय पान पुढे जात नव्हतं, म्हणून भरला."

वकिलाने चष्मा काढला.

"तुमच्याच नोंदीत अकरा बायकांपुढे 'होय' आहे. मग त्यांना विचारलंत?"

"त्यांनाही विचारलं नाही. त्या पाड्यावरच्या होत्या, म्हणून घेत असतील असं धरून चालले. आणि ही थेट्यांची सून, म्हणून घेत नसेल असं धरलं." ती मंडळाच्या सदस्यांकडे वळली. "अकरांतल्या एकीच्या मुलाचा दात आमच्याकडे तपासलाय. कोरा निघाला. या मुलीच्या दातात तेरा आठवडे खुणा आहेत, आणि त्या तेरा आठवड्यांत ही बाई माझ्यासमोर चार वेळा बसली होती. मला दोन मिनिटं काढता आली असती."

मंडळाच्या अध्यक्षा वयस्क होत्या. त्यांनी विचारलं, "तुम्हाला कळतंय ना, याचा तुमच्यावर काय परिणाम होईल?"

"हो."

निकाल आठ दिवसांनी लागला. 'जाणीवपूर्वक' हा शेरा काढला गेला आणि रेवा आईकडे परत आली. तेवढंच झालं. तन्मय मुलीला पोचवायला आला, पण बायकोला घरी चल म्हणाला नाही. त्याच्या मनातून ते तेरा आठवडे जाईनात. कुणी विचारलं नव्हतं म्हणून ते घडलेच नाहीत, असं थोडंच होतं? केतकीने तालुक्याच्या गावी दोन खोल्या घेतल्या. कारखान्यातलं काम तिने सोडलं होतं. रेवा जे थोडंफार शिकली होती, तेही त्या पाच आठवड्यांत विसरली. ती पुन्हा अंथरूण ओलं करू लागली.

हेमलता निलंबित झाली. विभागीय चौकशी लागली. पण खरा फटका आणखी पुढे होता, आणि तो तिने धरला नव्हता. सुनावणीची बातमी फोनाफोनी गावभर झाली. दातवाच्यामुळे आईचं मूल काढून घेतात, एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. जुलैमध्ये केंद्रात तीन दात आले. ऑगस्टमध्ये एकही नाही. आया मुलांचे दात पडले की मातीत पुरू लागल्या. मंगळवारच्या बायका प्रश्न पुरा व्हायच्या आत 'नाही' म्हणू लागल्या, आणि पाड्यांवरच्या तर यायच्याच थांबल्या.

"आता मी प्रत्येकीला एकटीला बसवून विचारते," डॉ. मुजावर भेटायला आल्या तेव्हा म्हणाल्या. "सासू बाहेर, नवरा बाहेर. अगदी सांगितलंय तसं. परवा एका मुलीने मलाच विचारलं, 'मॅडम, मी खरं सांगितलं तर ते कुणाच्या फोनवर दिसेल?' मी काय सांगणार? दिसतंच. वरच्या कार्यालयाला मी लिहिलंय, की ही नोंद घरच्यांना दाखवू नका, मंडळाला तर मुळीच देऊ नका. उत्तर नाही आलं अजून."

"त्या मुलीचं काय झालं?"

"उठून गेली."

सप्टेंबरमध्ये एका दुपारी हेमलता केतकीच्या खोल्यांवर गेली. कुणी बोलावलं नव्हतं. केतकीने दार उघडलं आणि तशीच उभी राहिली, मग बाजूला झाली.

आत भिंतीवर चित्रांचे कागद ओळीने चिकटवलेले होते. उठणं, दात घासणं, आंघोळ, डबा, शाळा. योजनेतून मिळालेली मदतनीस शिक्षिका दोनदा येऊन गेली होती; दातच येईनात म्हणून बाकीच्यांना कमी केलं होतं, तालुक्यात आता तीच एक उरली होती आणि तिची पाळी महिन्यातून एकदा यायची. रेवा जमिनीवर बसून एका चित्रावर बोट ठेवून पुढचं चित्र शोधत होती. ते तिला सापडत नव्हतं. ते शेजारीच होतं.

"एक विचारू, सिस्टर?" केतकी म्हणाली. "मंडळापुढे तुम्ही सांगितलंत ते खरं. पण मी रोज विचार करते. तुम्ही विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं का? सासूबाई शेजारी होत्या. मी बहुतेक नाहीच म्हटलं असतं. म्हणजे मग ते माझंच झालं ना सगळं?"

बत्तीस वर्षं हेमलता बायकांना धीर देत आली होती. पण ते शब्द आता तिलाच नको वाटले.

"त्यांना बाहेर पाठवायचं माझं काम होतं," ती म्हणाली. "तू काय म्हणाली असतीस ते तुलाही कळायचं नाही आता, आणि मलाही. ते कळू शकलं असतं, ती वेळ मी घालवली."

केतकी रडली नाही. ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. रेवाने एकदम सगळे कागद भिंतीवरून ओरबाडून काढले आणि किंचाळायला लागली. केतकी वळायच्या आत हेमलता जमिनीवर बसली. तिने मुलीला धरलं नाही, रागावलीही नाही. एकेक कागद उचलून सरळ करत, एकच वाक्य हळू आवाजात, पुन्हापुन्हा बोलत राहिली, "आधी आंघोळ, मग डबा. आधी आंघोळ, मग डबा." पाऊण तास लागला. मग रेवाने स्वतःच डब्याचं चित्र तिच्या हातात दिलं.

हेमलता निघाली तेव्हा केतकी दारापर्यंत आली.

"मी उद्या येऊ?" हेमलताने विचारलं.

"उद्या नको. पुढच्या गुरुवारी या. आजही गुरुवारच आहे." केतकीचा आवाज कोरडा होता. "वार बदलला की तिला सोसत नाही. आणि यायचं तर दर गुरुवारी यायचं. मध्येच सोडायचं असेल तर आत्ताच सांगा, म्हणजे तिला तुमचं नाव शिकवत नाही."

हेमलताने चपला घातल्या.

"शिकव," ती म्हणाली.